दरीच्या तळाशी पोचणारा उजेड

आमचा ग्रुप डोंगरात वाट चुकलेल्या, दरीत अडकलेल्या माणसांना शोधून बाहेर काढतो. तालुक्यातले एक कारखानदार दरवर्षी होळीच्या सुमाराला आम्हाला फोन करतात. "यंदा पावसाळ्याआधी काय हवंय?" एवढंच विचारतात. आजवर त्यांनी दोर दिले, हार्नेस दिले, एक स्ट्रेचर दिलं. या वेळी आम्ही टॉर्च मागितले. लांब पल्ल्याचे, पावसात आणि आदळआपटीत टिकणारे. "मॉडेल सांगा, लगेच मागवतो," ते म्हणाले. ग्रुपच्या साहित्याचं कपाट माझ्या ताब्यात असतं, त्यामुळे मॉडेल शोधायचं काम माझ्याकडे आलं. ते कसं केलं ते सविस्तर लिहितोय, कारण सह्याद्रीत असं काम करणारे बरेच ग्रुप आहेत आणि प्रत्येकाला कधी ना कधी ही खरेदी करावी लागते.

आधी गरज सांगतो. आम्हाला येणारे बहुतेक फोन तिन्हीसांजेला येतात. सकाळी वाट चुकलेला माणूस दुपारभर स्वतःच वाट शोधत हिंडतो, ऊन कलल्यावर घाबरतो आणि मोबाइलला रेंज मिळाली की घरी फोन लावतो. घरचे पोलिसांना कळवतात, पोलीस आम्हाला. कधी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरकडून निरोप येतो. कोणी दुकान बंद करून, कोणी कामावरून सुटून, सॅका भरून आम्ही पायथ्याला पोचेपर्यंत पुरता अंधार पडलेला असतो.

त्यात आपला डोंगर काळा. बसाल्टचा कातळ उजेड पिऊन टाकतो, आणि ओला असला की चकाकतो खरा, पण उजेड भलतीकडेच उडवतो. निळी जीन्स आणि काळं जर्किन घातलेला माणूस कारवीच्या रानात आडवा पडला असेल तर दिवसाही चटकन दिसत नाही. मोठे दिवे आणि जनरेटर नेता येतील अशा जागा थोड्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर नेता येईनात. मदतीला धावलेली माणसं पावसात, निसरड्या पायवाटेने चढून गेली. अशा ठिकाणी डोक्यावर आणि हातात जो असेल तेवढाच उजेड.

बाजारात जायच्या आधी मी ग्रुपमधल्या जुन्या मंडळींशी बोललो. रात्रीच्या कामात उजेड नेमका कुठे कमी पडतो, असं विचारलं. आमचे आण्णा सगळ्यात अनुभवी. ते म्हणाले, "आधी उजेड बंद करायला शिका, मग टॉर्च घ्या."

त्यांचं म्हणणं शब्दशः घ्यायचं असतं. कड्याच्या काठावर पोचलो की आम्ही पहिल्यांदा सगळे दिवे विझवतो, बोलणं थांबवतो आणि दरीत बघत उभे राहतो. अडकलेल्या माणसाकडे मोबाइल असतोच, आणि मोबाइलचा एवढासा दिवा काळोखात फार लांबून दिसतो. आपल्याच हेडटॉर्चने डोळे दिपलेले असतील तर तोच दिवा समोर असून दिसत नाही. हाका मारायच्या, ऐकायचं, पुन्हा बघायचं. एवढं करून काही सापडलं नाही की मग लांबचा झोत.

सापडल्यावरही त्या झोताचं काम संपत नाही. खाली बसलेल्या माणसाला वरून दिवा दिसत राहिला तर तो जागचा हलत नाही. आपल्याला बघितलंय, आता माणसं येतायत, एवढा भरवसा त्याला पुरतो. दिवा दिसेनासा झाला की तो पुन्हा वाट शोधायला निघतो, आणि रात्रीचे जास्तीचे अपघात अशाच हालचालीत होतात, असं आण्णा सांगतात. म्हणून दोर लावून माणूस खाली उतरेपर्यंत, म्हणजे कधीकधी कित्येक तास, वरचा एक दिवा त्याच्यासाठी चालू ठेवावा लागतो. मी वहीत पहिलं वाक्य हेच लिहिलं: जास्तीत जास्त झोत किती, याच्याइतकंच तो किती तास टिकतो हे महत्त्वाचं.

मग आकड्यांकडे वळलो. टॉर्चच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ल्युमेन लिहिलेले असतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. आम्हाला हवा होता एका दिशेला एकवटलेला उजेड, आणि तो कँडेलात मोजतात. तीन हजार ल्युमेनचा, छोट्या रिफ्लेक्टरचा टॉर्च अंगण झगमगून टाकतो आणि शंभर मीटरपलीकडे ढेपाळतो. सातशे ल्युमेनचा, पण बारीक एलईडी आणि रुंद, खोल रिफ्लेक्टर असलेला टॉर्च समोरच्या डोंगरावर ठिपका टाकतो. एलईडीचा चकाकणारा पृष्ठभाग जितका लहान आणि तेजस्वी, आणि रिफ्लेक्टरचं तोंड जितकं मोठं, तितका झोत लांब जातो. दुकानात टॉर्च हातात घेतल्यावर काचेतून आत बघितलं तरी बरंच कळतं. आतला पिवळा चौकोन मोठा असेल तर तो पसरट उजेडाचा टॉर्च.

चांगल्या कंपन्या एफएल१ नावाच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आकडे छापतात. त्यातलं अंतर कसं ठरतं हे समजून घेतल्यावर माझा अर्धा गोंधळ मिटला. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. टॉर्चचा उजेड जिथे ०.२५ लक्सपर्यंत उतरतो, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका होतो, ते अंतर खोक्यावर छापतात. गणित सोपं आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. ४०,००० कँडेला असतील तर ४०० मीटर. आता पौर्णिमेच्या चांदण्यात, चारशे मीटरवर, काळ्या कातळाशेजारी पडलेला माणूस तुम्हाला दिसेल का? उघड्या माळावर पांढरी गाय कदाचित दिसेल. माणूस नाही.

आम्ही आमच्यापुरता असा हिशेब धरला की बघायच्या जागी निदान एक लक्स उजेड पडला पाहिजे. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, त्यामुळे खोक्यावरच्या अंतराच्या निम्म्यावर बरोबर एक लक्स मिळतो. आमच्या भागातल्या कड्यांवरून तळातली झाडी आणि घळी नीट बघायच्या तर तीनशे मीटरची पोच हवी. म्हणजे खोक्यावर सहाशे मीटर, म्हणजेच ९०,००० कँडेला. त्यापेक्षा जास्त असेल तर चांगलंच. उदाहरण म्हणून सांगतो, फिनिक्सच्या एचटी१८ या टॉर्चवर १५०० ल्युमेन आणि ९२५ मीटर असे आकडे आहेत. उलट गणित केलं तर ते दोन लाखांवर कँडेला भरतात. ल्युमेन फक्त दीड हजार, हे लक्षात घ्या.

खोक्यावरचा वेळेचा आकडाही असाच उलगडून वाचावा लागतो. मानकाप्रमाणे उजेड मोजतात तो टॉर्च चालू केल्यावर तिसाव्या सेकंदाच्या पुढे, आणि चालण्याचा वेळ धरतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. मधल्या काळात काय झालं ते खोकं सांगत नाही. एलईडी तापतो, तो जळू नये म्हणून आतलं सर्किट उजेड उतरवतं. तीन हजारांवर सुरू झालेला टॉर्च काही मिनिटांत आठशेवर येतो आणि मग तासन्‌तास तिथेच राहतो. कँडेला चौथाईवर आले की पोच निम्मी. म्हणून मी कंपन्यांनी दिलेले वेळेचे आलेख शोधून काढले आणि पहिल्या पाच मिनिटांनंतरची रेषा किती उंचीवर सपाट आहे ते बघितलं. ती उंची हाच टॉर्चचा खरा उजेड. ज्यांचा आलेखच मिळाला नाही ते टॉर्च यादीतून काढले.

आकडे हाताशी घेऊन पुण्याला तपकीर गल्लीत गेलो. तिथे एका दुकानात पुढची काच सरकवून झोत बारीक करायचा झूमवाला टॉर्च दाखवला. खोक्यावर किलोमीटरमध्ये अंतर, ल्युमेन लाखात. दुकानदाराने समोरच्या इमारतीच्या भिंतीवर चौकोनी ठिपका पाडून दाखवला. ठिपका झकास होता, पण पुढे सरकणाऱ्या त्या नळीतून पाणी आत जायला वाव होता आणि सोबतच्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं होतं. हा १८६५० मापाचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एवढ्या मापात उत्तमातल्या उत्तम कंपनीलाही ३५००-४००० च्या फार पुढे जाता येत नाही. असा एक सेल मी मुद्दाम विकत घेतला आणि आमच्या गावच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला. शेजारी आमच्या हेडटॉर्चमधला खात्रीचा सेल ठेवला, तो भरला ४७ ग्रॅम. बाजारातला त्याच्या निम्म्यालाही जेमतेम पोचला. सोनारकाका म्हणाले, "हे तर पोकळ आहे." वजनावरून सगळंच कळत नाही, पण इतका हलका सेल टॉर्चमध्ये घालून कड्यावर जायचं नाही एवढं नक्की कळलं.

ऑनलाइन मागवायच्या आधी टॉर्च हातात घेऊन बघायचे होते. ओळखीच्या गिर्यारोहकांकडून, शिकार रोखायला रात्रीची गस्त घालणाऱ्या वनखात्यातल्या एका मित्राकडून, एका गुहा-संशोधकाकडून, असे उसने टॉर्च जमवले. एक एलईपी प्रकारचाही मिळाला. यात लेझरचा किरण फॉस्फरवर पाडून पांढरा उजेड तयार करतात आणि भिंगातून अगदी बारीक झोत बाहेर येतो. खोक्यावर हजार मीटरच्या पुढचा आकडा.

चाचणीसाठी गावाजवळचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, निवडला. एका टोकाला कडा आहे, त्यामुळे खालीही बघता येतं. अंतरं आमच्या शंभर मीटरच्या दोराने मोजली आणि चुन्याच्या खुणा केल्या. एका जुन्या गडद निळ्या ट्रॅकसूटमध्ये गवत भरून बुजगावणं केलं, पायात खरे बूट घातले आणि ते बघणाऱ्यांना न सांगता कारवीत टाकायचं ठरवलं. बघणारे पाळीपाळीने बदलत होतो, कारण एकदा जागा कळली की डोळा तिथेच जातो. सोबत कड्याखालच्या वाडीतले एक मामा आले होते. गुरं हरवली की रात्री शोधायचा त्यांचा आयुष्यभराचा सराव.

पहिल्या रात्री हवा कोरडी आणि स्वच्छ होती. दोनशे मीटरवर पसरट उजेडाचे टॉर्च बाद झाले. सगळं रान सारखंच धुरकट दिसत होतं आणि पायाजवळचं गवत उजळल्यामुळे डोळे उलट दिपत होते. एलईपीचा झोत कितीही लांब जात होता, पण त्याचा ठिपका इतका लहान की तो झुडपांवरून फिरवताना पुंगळीतून बघितल्यासारखं वाटायचं. आत्ता कुठे बघून झालं आणि कुठे राहिलं याचा पत्ता लागत नव्हता. बुजगावण्यावरून ठिपका गेला तरी एकाला ते कळलं नाही. बोट दाखवायला मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही. "त्या उंबराच्या उजवीकडे, दोन हात खाली," असं वॉकीवर सांगत बसण्यापेक्षा ठिपका तिथे धरला की पलीकडच्या काठावरच्या टीमला जागा कळते. शोधायला उपयोगी पडला तो मधला प्रकार: ठळक, पण ताटलीएवढा न वाटणारा, लांबवर दहा-पंधरा मीटर रुंदीचा ठिपका टाकणारा, आणि भोवती थोडा मंद उजेड असलेला.

बुजगावणं प्रत्यक्षात सापडायचं ते बहुतेक वेळा बुटांमुळे. बुटाच्या टाचेवर, सॅकच्या पट्ट्यावर, ट्रॅकसूटच्या कडेला चमकणारी पट्टी असते. ती उजेड आला तिकडेच परत पाठवते. त्यामुळे टॉर्च कमरेशी धरला तर ती फारशी चमकत नाही आणि कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरला की लांबूनही लख्ख दिसते. बऱ्याच जनावरांचे डोळेही असेच चमकतात. माणसाचे चमकत नाहीत. मामा हे एका वाक्यात सांगून मोकळे झाले: "डोळं चमाकलं का सोडून द्या, ते आपलं नव्हं."

मामांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. आम्ही सगळे एका जागी उभे राहून उजेड मारत होतो. ते म्हणाले, "समोरनं मारला का समदं सपाट दिसतंय. एकानं बाजूला जावा." एक मुलगा टॉर्च घेऊन तीस-चाळीस पावलं डावीकडे गेला आणि तिथून तिरका झोत टाकला. झुडपांच्या सावल्या पडल्या, खळगे उठून दिसायला लागले आणि त्यात गवत भरलेल्या पायाचा गोल आकार वेगळा दिसला. तेव्हाच माझ्या यादीत एकाऐवजी दोन लांब पल्ल्याचे टॉर्च झाले. एकदम महागडा एक घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे दोन, दोन जागी उभे करून.

उजेडाच्या रंगाचाही विचार केला. निळसर पांढरा उजेड लांबवर जास्त प्रखर वाटतो, पण त्यात तांबडी माती, वाळलेलं गवत आणि मळके कपडे एकाच राखाडी रंगाचे दिसतात. थोडा उबदार, ५००० केल्विनच्या आसपासचा उजेड डोळ्याला रंगांचा फरक जास्त दाखवतो. हेडटॉर्चच्या बाबतीत मी यावर अडूनच बसलो. स्वस्त एलईडीत तांबड्या रंगाचा भाग फार कमी असतो. जखमी माणसाजवळ पोचल्यावर त्याच्या पँटवरचा काळपट ओलावा म्हणजे चिखल आहे की रक्त, हे त्या उजेडात ठरवता येत नाही. आमच्यात प्रथमोपचार बघणारी एक नर्स आहे. तिने दोन हेडटॉर्चखाली स्वतःच्या हाताच्या शिरा बघितल्या आणि एक बाजूला ठेवून दिला. रंगांचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या पुढचा हवा असं ठरलं. उजेड थोडा कमी मिळाला तरी चालेल.

पाऊस आणि धुकं यासाठी जूनपर्यंत थांबावं लागलं. खरेदी तोवर लांबली याची मला खंत नाही, कारण आमचं काम पावसाळ्यातच वाढतं. ढग कड्यावर चढून आले की लांब पल्ल्याचा झोत समोर पांढरी भिंत उभी करतो. हेडटॉर्चचं तर विचारूच नका. उजेड डोळ्यांच्या अगदी वरून निघतो आणि थेंबांवर आपटून सरळ डोळ्यांत येतो. पिवळा उजेड धुकं भेदतो असं बरेच जण सांगतात. ढगातले थेंब उजेडाच्या लहरींच्या मानाने खूप मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग सारखेच विखुरतात. पिवळ्याने डोळ्यांना त्रास कमी होतो एवढंच. उपाय निघाला तो वेगळाच: टॉर्च एकाच्या हातात आणि डोळे दुसऱ्याचे. टॉर्चवाला बाजूला, थोडा खाली उभा राहतो. बघणारा त्याच्यापासून काही मीटरवर, स्वतःचा दिवा बंद करून. झोताचा पांढरा पट्टा मग डोळ्यांसमोर न येता बाजूने जातो आणि ढगाची एखादी फट मिळाली की पलीकडचं दिसतं. दाट ढगात तरीही काहीच दिसत नाही. तेव्हा आवाजावर काम करायचं.

पाण्याची परीक्षा घरीच घेतली. टॉर्च पाण्यात किती टिकतो ते खोक्यावर आयपी खुणेने लिहितात. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी ठरवते. धुळीचा विचार हवा असेल तर आयपी६८ बघायचं, आणि आमच्याकडे लाल चिखल धुळीइतकाच वाईट. मी टॉर्च पूर्ण उजेडावर चालू करून चांगला तापू दिला आणि मग पाण्याच्या बादलीत सोडला. गरम टॉर्च गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी खेचून घेते. धबधब्याखाली नेमकं हेच होतं. उसन्या टॉर्चवर असला प्रयोग करायचा नाही म्हणून हे फक्त पहिला नमुना विकत घेतल्यावर केलं. चार्जिंगच्या भोकावर नुसतं रबराचं झाकण असलेले टॉर्च मला पटले नाहीत. सॅकेत घासून ते झाकण उघडतं. ज्यांचं भोक आट्यांच्या कड्याखाली लपतं किंवा ज्यांत सेल बाहेर काढूनच चार्ज करायचा असतो, ते जास्त भरवशाचे.

पडण्याचं म्हणाल तर मानकातली चाचणी काँक्रीटवर, बहुतेक टॉर्चना एक-दीड मीटरवरून. कड्यावरून सुटलेला टॉर्च कुठलाच वाचत नाही, आणि खाली दोरावर असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो दगडच असतो. म्हणून दोरी ओवायला भक्कम भोक हवं, आणि ती दोरी हार्नेसला कॅराबिनरने अडकवलेली हवी. यावर आमच्याकडे आता चर्चा होत नाही. दोरी नसेल तर टॉर्च काठावर न्यायचा नाही. टॉर्चचं अंग बहुधा काळं असतं आणि गवतात पडला की दिवसाही सापडत नाही, त्यामुळे प्रत्येकावर नारिंगी चिकटपट्टी गुंडाळली.

बटणावरून ग्रुपमध्ये बरीच वादावादी झाली. तरुण मुलांना एका बटणात नाना खेळ असलेले टॉर्च आवडत होते: दोनदा दाबलं की हे, तीनदा दाबलं की ते. माझं म्हणणं असं की रात्री दोनला, बोटं गारठलेली असताना, हातमोजे ओले असताना टॉर्च पोलीस हवालदाराच्या किंवा वाडीतल्या पोराच्या हातात द्यावा लागतो. त्याला एकदा दाबलं की चालू आणि पुन्हा दाबलं की बंद, एवढंच करता आलं पाहिजे. उजेड कमी-जास्त करायला वेगळं बटण असेल तर उत्तम. लुकलुकणारा झोत चालू-बंदच्या क्रमात मध्येच येत असेल तर तो टॉर्च नको. दोरावरच्या माणसावर चुकून तसा उजेड पडला तर त्याला पाय ठेवायची जागा दिसत नाही. संकटाची खूण द्यायला तो लागत नाही. मिनिटात सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. आणि उत्तर मिनिटात तीन वेळा. ही आल्प्समधली जुनी रीत हाताने बटण दाबूनही करता येते. आम्ही शाळांमध्ये जातो तिथे मुलांना हीच शिकवतो.

सेलचा निर्णय मात्र मी एकट्याने रेटला. आमच्याकडे पूर्वी तीन-चार प्रकारचे हेडटॉर्च होते, काहींना पेन्सिल सेल, काहींना अंगचीच बॅटरी. पेन्सिल सेल कुठल्याही वाडीतल्या दुकानात मिळतो हे खरं, पण रात्रभराच्या कामाला त्याचा जीव पुरत नाही. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ ला बस दरीत कोसळली, तेव्हा मृतदेह वर काढायचं काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं होतं. इतका वेळ चालणाऱ्या कामात सेल बदलता आला पाहिजे, आणि एकाचा दुसऱ्याला चालला पाहिजे. म्हणून लांब पल्ल्याचे टॉर्च २१७०० मापाच्या सेलवर चालणारे आणि हेडटॉर्च सगळे १८६५० वर, असं ठरलं. प्लास्टिकची एक नळी घातली की बारीक सेल मोठ्या टॉर्चमध्ये अडीअडचणीला चालवता येतो. आमच्या टॉर्चमध्ये तो नीट बसतो हे बघून मगच नमुना पक्का केला. कंपनीने स्वतःचाच खास सेल बनवला आहे आणि दुसरा चालत नाही, असे टॉर्च कितीही चांगले असले तरी घेतले नाहीत. चार्जिंग टाइप-सीचं, कारण पॉवर बँक आता प्रत्येकाच्या सॅकेत असते.

शेवटी घेतलं ते असं: लांब पल्ल्याचे दोन टॉर्च, लाखभर कँडेलाच्या वरचे, पहिल्या पाच मिनिटांनंतर जेमतेम निम्म्यावर येऊन पुढे तीन तास टिकणारे. दोरावर जाणाऱ्या प्रत्येकाला रुंद उजेडाचा, चांगल्या रंगाचा हेडटॉर्च. सुटे सेल दुप्पट, नावाजलेल्या कंपनीचे, बिलासकट, आणि प्रत्येकाची क्षमता मोजून दाखवणारा एक चार्जर. एलईपी घेतला नाही. वनखात्यातला मित्र लागेल तेव्हा देतो म्हणालाय. कारखानदारांना यादी पाठवली तेव्हा त्यांनी एकच शंका काढली, की एवढ्याच पैशांत पन्नास हजार ल्युमेनचा टॉर्च मिळतोय, तो का नको. मी त्यांना सड्यावर बोलावलं. दोन्ही प्रकारचे झोत त्यांनी स्वतः बुजगावण्यावर टाकून बघितले आणि जागेवरच यादी मंजूर केली.

आता सगळे सेल पूर्ण भरलेले ठेवावे लागतात. लिथियम सेल अर्धवट भरलेला ठेवला तर जास्त वर्षं टिकतो हे मला माहीत आहे, पण फोन आल्यावर चार्जिंगला लावून बसता येत नाही. त्याऐवजी सेल दोन-तीन वर्षांत बदलायचे असं धरूनच चाललो आहोत. प्रत्येकावर शेवटच्या चार्जिंगची तारीख लिहिलेली पट्टी आहे. टॉर्च ठेवताना मागचं टोपण पाव फेरा सैल करायचं, म्हणजे सॅकेत बटण दाबलं जाऊन तो पेटत नाही आणि सर्किटही सेल हळूहळू पीत नाही. आट्यांतला चिखल ब्रशने काढून ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला, सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी, आळीपाळीने, म्हणजे सगळ्यांनाच टॉर्च उघडता-लावता येतो.

राहिलंय ते एकच. कड्याखालच्या वाड्यांमधली माणसं आमच्या कितीतरी आधी पोचतात, आणि त्यांच्या हातात अजून मोबाइलचाच दिवा असतो. मामांसारख्या प्रत्येक वाडीतल्या दोघांना एकेक हेडटॉर्च आणि दोन सेल द्यायचे, चार्जिंगची सोय ग्रामपंचायतीत किंवा शाळेत करायची, अशी बोलणी चालू आहेत. पुढच्या होळीला कारखानदारांचा फोन येईल तेव्हा मागायचं ते हेच.